अंगणातल्या भाजीचा रकाना

बाईंचं एक मत होतं आणि ते त्यांनी बावीस वर्षांच्या पायपिटीतून कमावलं होतं. खोटं बोलायचं ठरवलेला माणूस आधी पाणी विचारतो. खरं बोलणारा दारातच उभा राहून वैतागतो, "काय विचारायचं ते लवकर विचारा, दूध ठेवलंय गॅसवर" म्हणतो, आणि मग अर्धा तास बोलत बसतो.

घरोघर जाऊन प्रश्नावल्या भरणं हा त्यांचा धंदा. साबण कोणता वापरता, पंखे किती, बस वेळेवर येते का, दात कशाने घासता. काम कंत्राटावरचं, आज आहे तर उद्या नाही. पण बाईंच्या फॉर्मांना मान होता. साबणाच्या सर्वेत बायका महागड्या साबणाचं नाव सांगत आणि मोरीत वडी भलतीच असे. बाई "जरा हात धुऊ का?" म्हणून आत जाऊन यायच्या आणि जी वडी असेल ती लिहायच्या. नवरा शाळेची बस चालवायचा. तो म्हणायचा, "दुसऱ्यांच्या घरातल्या बातम्या काढायचा तुला पगार मिळतो. बाकीच्या बायका बिचाऱ्या फुकट करतात." बाई हसायच्या. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती, घरात दोघंच. संध्याकाळी जेवताना ऐकायला बस आणि सांगायला लोकांची घरं, एवढ्यावर त्यांचा संसार सुखाचा चालला होता.

पर्यावरण खात्याचं काम आलं तेव्हा बाई पन्नाशीच्या होत्या. शहराच्या कडेला खांबांचा एक जुना कारखाना होता. विजेच्या तारांचे लाकडी खांब तिथे औषधात बुडवून काढायचे, म्हणजे त्यांना वाळवी लागत नसे. औषध हा कामगारांचा शब्द. त्या हिरवट पाण्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक, होता. कारखाना चौदा वर्षांपूर्वी बंद पडला, पण त्याच्या मागची कामगारांची वसाहत तशीच होती. तीन रांगा, तीनशे चाळीस घरं, प्रत्येक घराला मागे अंगण. टाकीतून उपसलेला गाळ वर्षानुवर्षं त्याच बाजूला पसरला होता आणि तो आता अंगणांच्या मातीत होता.

कामाचं स्वरूप खात्यातल्या मॅडमनी समजावलं. मॅडम विषशास्त्रात डॉक्टर झालेल्या. बारीक अंगाच्या, खालच्या आवाजात बोलणाऱ्या. त्यांच्या टेबलावर मातीच्या छोट्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर घराचा नंबर होता.

"माती किती स्वच्छ करायची, हे ठरवायचंय," मॅडम म्हणाल्या. "समजा, अशा मातीवर एक लाख माणसं जन्मभर राहिली. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना कॅन्सर तसाही होणार. त्याच्यावर, निव्वळ या मातीमुळे, आणखी एकाला झाला तर कायद्याला चालतं. दोघांना झाला तर चालत नाही. लाखात एक, ही मर्यादा."

"मग माती मोजली की झालं. त्यात मी कुठे येते?"

"मातीतलं विष मी मोजलंय. पण ते माणसाच्या पोटात किती जातं, हे माणूस कसा राहतो त्यावर आहे. अंगणात किती वेळ असतो, पोरं हात तोंडात घालतात का, आणि मुख्य म्हणजे अंगणातली भाजी खातो का. सोमल मुळांतून भाजीत चढतो. मला ते आकडे खरे हवेत. अंदाजाने भरलेले नकोत."

बाईंना हे पटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या फॉर्मवर साबणापेक्षा मोठं काहीतरी अवलंबून होतं. एकेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली आणि स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा पिशवीत घालून त्या वसाहतीत गेल्या. आठवड्याभरात त्यांचं नाव मोजणीबाई पडलं.

सुरुवातीला दारं उघडत नव्हती. कारखाना बंद झाल्यापासून वसाहतीत कितीतरी साहेब येऊन गेले होते, बाटल्यांत माती भरून घेऊन गेले होते, आणि परत कोणी फिरकलं नव्हतं. बाईंनी मग एक वाक्य धरलं. प्रत्येक दारात त्या तेच म्हणू लागल्या, "जितकं खरं सांगाल, तितकी माती लवकर उचलतील." हे त्यांना कोणी म्हणायला सांगितलं नव्हतं. मॅडमच्या बोलण्यावरून त्यांनी स्वतःच तसं ताडलं होतं, आणि त्यांचा त्याच्यावर पूर्ण विश्वास होता. वाक्य कामाला आलं. लोक बोलायला लागले.

तिसऱ्या रांगेच्या टोकाला क्रेनवाले काका राहायचे. कारखान्यात खांब उचलून टाकीत सोडायची क्रेन त्यांनी एकतीस वर्षं चालवली होती. पंचाहत्तरीला टेकलेले, काटक, आणि तोंडाने फटकळ. मुलगा दूर कुठेतरी बोगद्याच्या कामावर होता, चार महिन्यांतून एकदा यायचा. घरात सून आणि चार वर्षांची नात. नातीला सगळी चिमणी म्हणत. सून शिवणकाम करायची, दिवसभर तिच्या मशीनचा आवाज चालू असायचा.

काकांची बाग वसाहतीत नावाजलेली होती. कारखान्यातून आणलेले खांबांचे तुकडे आडवे टाकून वाफे केलेले, एकही तुकडा कुजलेला नाही. वांगी, टोमॅटो, पालक, मांडवावर घेवडा, भिंतीवर चढवलेला दुधी. बाई पहिल्यांदा गेल्या तेव्हा काका मांडवाची दोरी बांधत होते. वळूनही न बघता म्हणाले, "आज नाही. परवाही नाही."

बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि दोरीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून मांडव बांधला. मग काकांनी हात झटकले आणि पायरीवर बसून म्हणाले, "विचारा काय ते."

सव्विसावा प्रश्न अंगणातल्या भाजीचा होता. आठवड्यातून किती दिवस?

"सातच दिवस आहेत ना आठवड्यात? मग सात लिहा. बाजाराची भाजी या घराने पाहिलेली नाही."

बाईंनी काटा काढला. काकांनी त्या दिवशी तोडलेली सगळी भाजी आणून ठेवली आणि काट्याचा आकडा बघून ते खूश झाले. परीक्षेत पहिला आलेल्या पोराच्या बापासारखे. चिमणी वाफ्यात बसून टोमॅटो न धुताच खात होती. तेही बाईंनी तिसाव्या प्रश्नात लिहिलं. सून मशीन थांबवून दारात आली आणि तिने विचारलं, "पण हे सगळं कशासाठी?" बाईंनी तिला लाखात एकाचं सगळं सांगितलं. सोमल मुळांतून कसा चढतो, तेही.

"लाखात एक?" काका हसले. "आमची ही होती तशी. लाखात एक."

मग ते म्हणाले, "गेली पाच वर्षांपूर्वी. मूत्राशयाचा कॅन्सर. हिच्याच हातची बाग आहे ही, मी नुसतं पाणी घालतो."

बाईंचं पेन फॉर्मवर थांबलं. एकेचाळीस प्रश्नांत गेलेल्या माणसाला जागा नव्हती. घरात सध्या खाणारी माणसं किती, एवढंच विचारलं होतं. त्यांनी तीन लिहिलं. काकांचे तळहात मांडीवर उघडे पडले होते, आणि त्यांवर मक्याच्या दाण्यांसारखे टणक ठिपके होते. काका म्हणाले, "क्रेनचा दांडा. एकतीस वर्षं." क्रेन बंद पडून चौदा वर्षं झाली होती, पण बाईंनी मान डोलावली.

निघताना काकांनी त्यांना घेवड्याच्या शेंगांची पिशवी दिली. नको म्हणायची सोय नव्हती. बसस्टॉपवर बाई ती पिशवी मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्या. एवढं सगळं माहीत असताना त्या शेंगा नवऱ्याच्या ताटात वाढायच्या? त्यांनी पिशवी स्टॉपवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. पुढच्या खेपेला काकांनी विचारलं, "कशा होत्या शेंगा?"

"छान होत्या काका. कोवळ्या."

तीन महिन्यांत तीनशे बारा घरांनी उत्तरं दिली. मॅडम फॉर्म चाळत म्हणाल्या, "इतकी चांगली माहिती मी कुठल्याच वसाहतीची पाहिली नाही." त्यांच्या गालांवर लाली चढली होती. हिशेब बसला. लोक एवढी भाजी खातात म्हटल्यावर लाखात एकाची मर्यादा पाळायची तर किलोभर मातीत वीस मिलिग्रॅमच्या वर सोमल असता कामा नये. वसाहतीत सरासरी साठ होता. काकांच्या अंगणात चौऱ्याहत्तर. म्हणजे सगळीच अंगणं हातभर खोल उकरायची आणि नवी माती भरायची. मॅडमनी तसा मसुदा लिहिला. त्या दिवशी जेवताना बाईंनी नवऱ्याला सांगितलं, "बावीस वर्षांत एक काम मनासारखं झालं बघ." तो म्हणाला, "मग आता पगारवाढ माग." पण त्यालाही बरं वाटलं होतं, ते कळत होतं.

मसुद्यावरच्या बैठकीला बाईंना बोलावणं आलं. सर्वेबद्दल काही शंका निघालीच तर, म्हणून. लांबलचक टेबल, त्याच्याभोवती खात्याचे मोठे साहेब आणि चार-पाच अधिकारी, भिंतीशी बाईंची खुर्ची. पडद्यावर भाकरीसारखा गोल आणि त्याचे रंगीत तुकडे. कुठल्या वाटेने किती विष पोटात जातं ते दाखवणारे.

साहेब वाईट माणूस नव्हते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो गोल नीट पाहिला. "मॅडम, हा सगळ्यात मोठा हिरवा तुकडा कसला?"

"अंगणातली भाजी, सर. जवळजवळ तीन चतुर्थांश जोखीम तिथून येते."

"आकडा पक्का आहे?"

"अतिशय पक्का आहे. घरोघर वजन करून घेतलाय."

"मग झालं तर," साहेब म्हणाले. "तीन चतुर्थांश जोखीम भाजीतून येते, तर भाजी बंद करा. माती उचलायची काय गरज?"

मॅडम म्हणाल्या, "सर, कायद्यात लाखात एक अशी मर्यादा आहे."

"मग ठेवा ना लाखात एक! मी कुठे ती बदलायला सांगतोय? लाखात एकच ठेवा. फक्त हिशेबात लोक भाजी लावत नाहीत असं धरा. पोरं मातीत खेळत नाहीत असं धरा. काय आकडा येतो?"

मॅडमनी समोरच्या कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं. तो आकडा त्यांना आधीच माहीत असणार, असं बाईंना वाटलं.

"ऐंशी," मॅडम म्हणाल्या.

ऐंशीच्या वर वसाहतीत सहा घरं होती.

बाईंना तेव्हा उठून बोलावंसं वाटलं. पण काय बोलणार? आकडा पक्का आहे का, एवढाच प्रश्न त्यांना कोणी विचारला असता, आणि आकडा पक्काच होता. तो तसा व्हावा म्हणून त्या तीन महिने उन्हातून फिरल्या होत्या. तीनशे बारा घरांनी विश्वासाने जे सांगितलं होतं, तेच उचलून आता त्यांच्या तोंडावर मारलं जात होतं. मॅडमनी शेवटी एक अट घालून घेतली. लोक भाजी लावायचं थांबले की नाही, याची सहा महिन्यांनी पाहणी व्हायची. दहापैकी आठ घरांनी थांबवलं असेल तरच ऐंशीचा आकडा कायम होईल. नाहीतर वीस. साहेबांनी ते लगेच मान्य केलं.

दारादारांवर नोटिसा लागल्या. अंगणात लागवड करू नये. मुलांना मातीत खेळू देऊ नये. लागवड आढळल्यास अंगण खडीने बुजवण्यात येईल.

दुसरी पाहणीही बाईंनाच दिली. लोक त्यांच्याशी बोलतात, म्हणून. बाई नको म्हणणार होत्या. नवऱ्याने विचारलं, "तू नाही गेलीस तर कोण जाईल?"

"कोणीतरी जाईलच."

"ते कोणीतरी काय लिहील?"

बाई गेल्या.

पहिल्याच दारात एक म्हातारी त्यांना बघून म्हणाली, "आलीस का? आता काय विचारायचं राहिलंय? श्वास घेता का, आणि किती किलो?" दुसऱ्या दारातल्या माणसाने दार अर्धंच उघडलं. "नाही लावत," म्हणाला आणि बंद केलं. तिसऱ्या घरात बाईंना आत बोलावून खुर्ची दिली आणि विचारलं, "पाणी घेता का?"

त्या दिवशी बावीस घरांत बाईंना पाणी मिळालं.

अंगणं वरवर ओसाड दिसत होती. पण गॅसवर पालक शिजताना येणारा वास बाईंना कळत होता. मोरीत माती लागलेली मुळं पडली होती. एका ठिकाणी पलंगाखाली ताजा दुधी होता, त्याच्या देठाला अजून चीक होता. "नाही हो बाई, आता कुठलं आम्ही लावतोय," असं घरची बाई सांगत होती आणि पायाने चादर खाली ओढत होती. साबणाची वडी बघून खरं लिहिणाऱ्या बाईंनी फॉर्मवर "नाही" लिहिलं. हो लिहिलं असतं तर पुढच्या आठवड्यात त्या दारात खडीची गाडी आली असती.

मग त्यांच्या मनात आलं, सगळ्यांनीच हो म्हटलं तर? दहापैकी तीन घरांनी जरी खरं सांगितलं, तरी ऐंशीचा आकडा पडेल. शे-दीडशे घरांत खडी कोण टाकणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी ते एका घरात बोलून पाहिलं. घरातला माणूस शांतपणे ऐकत होता. त्याने विचारलं, "म्हणजे खरं सांगितलं की माती उचलतील?"

"हो."

"हे तुम्ही मागच्या वेळी म्हणाला होतात."

बाईंनी पुढच्या चार घरांत तेच सांगून पाहिलं. पाचव्या घरापर्यंत बातमी आधीच पोहोचली होती. मोजणीबाई हो म्हणायला लावते, खात्याने तिला बागा पकडून द्यायला पाठवलंय. रांगेतली दारं एकापाठोपाठ एक लागत गेली.

काकांकडे त्या सगळ्यात शेवटी गेल्या. समोरचा मांडव उतरवला होता, वाफे मोकळे होते. सून मशीनवर होती, तिने वर बघितलं नाही. काका पायरीवर बसले. पाणी विचारलं नाही, एवढंच बाईंना बरं वाटलं.

"सव्विसावा प्रश्न," काका म्हणाले. "नाही लिहा."

तेवढ्यात न्हाणीच्या मागून चिमणी आली. तिच्या हातात अर्धी खाल्लेली घेवड्याची शेंग होती. बाईंना ओळखून ती हसली आणि शेंग पुढे करून म्हणाली, "आजोबांनी तिकडे लपवलीये. तुला पण देऊ?"

मशीन थांबलं. सून उठली, तिने पोरीच्या हातातून शेंग हिसकली आणि लांब फेकून दिली. पोर रडायला लागली. "किती वेळा सांगितलं!" सून म्हणाली. ती कोणाला म्हणाली, ते तिलाच माहीत. पोरीला काखोटीला मारून ती आत गेली आणि दार लोटलं.

काकांनी फेकलेली शेंग उचलून पायरीवर ठेवली. मग म्हणाले, "आमच्या हिची बाग आहे ती, बाई. मी काय फक्त पाणी घालतो."

"काका, 'नाही' असं लिहिलं तर ही माती कायमची इथेच राहील. तुमच्या अंगणात चौऱ्याहत्तर आहे. ऐंशीला टेकलेलं."

"आणि हो लिहिलं तर?"

"खडी टाकतील."

"मागच्या वेळी मी खरं सांगितलं होतं," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. "एक पानही लपवलं नव्हतं. तुम्ही काट्यावर घेतलंत सगळं. तुम्हीच सांगा आता, मी काय बोलू?"

बाईंनी फॉर्मवर "नाही" लिहिलं. काकांनी सही केली. पेन धरताना बोटं नीट मिटत नव्हती.

फॉर्म द्यायला गेल्या तेव्हा बाईंनी मॅडमसमोर सगळं ओकून टाकलं. "लोक खोटं बोलतायत. सगळी. मी डोळ्यांनी पाहिलंय, वास घेतलाय. वसाहत अजून तेच खातेय."

मॅडमनी हातातल्या बाटलीचं बूच काढलं, लावलं. "फॉर्मवर काय लिहिलंय?"

"नाही."

"कोणी लिहिलंय?"

बाईंनी फॉर्म पुढे सरकवले; अक्षर त्यांचंच होतं.

"तुम्ही मला लिहून द्या," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला होता. "कुठल्या कुठल्या घरात पाहिलंत, नंबरासकट. मी साहेबांपुढे ठेवते. पण नंबर दिले की त्या घरांना आधी खडी, मग बाकीचं. ते माझ्या हातात नाही. नंबर दिले नाहीत तर ही नुसती ऐकीव गोष्ट."

"तुम्हाला माहीत होतं, ते खोटं बोलणार म्हणून?"

"मला वाटलं होतं, नोटिशीला कोण भीक घालतंय," मॅडम म्हणाल्या. "मला वाटलं, लोक सरळ सांगतील, आम्ही लावतो, काय करायचं ते करा. म्हणून मी अट घातली. त्यांना खडीची एवढी भीती वाटेल, हे माझ्या लक्षात आलं नाही."

समोर कोरा कागद होता. बाईंनी पेन उघडलं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ती पायाने चादर ओढणारी बाई आली. त्यांनी पेन बंद केलं. शंभरपैकी शहाऐंशी घरांनी लागवड थांबवली, असा निष्कर्ष निघाला. त्याखाली मॅडमनी सही केली. ऐंशीचा आकडा कायम झाला. सहा अंगणं उकरली, नवी लाल माती भरली, फोटो काढले. काकांचं अंगण त्यांत नव्हतं.

वर्षभराने खात्याचं पुस्तक पोस्टाने घरी आलं. मॅडमनी पाठवलं होतं, सोबत चिठ्ठी वगैरे काही नव्हती. बाईंनी चष्मा लावून वाचलं. मातीच्या मर्यादा ठरवताना रहिवाशांच्या सवयी बदलता येतात हे खांब-कारखाना वसाहतीतल्या घरोघरच्या पाहणीने सिद्ध झालं आहे, सबब पुढील अकरा ठिकाणीही ऐंशीचाच आकडा धरावा. अकरा ठिकाणांची यादी होती. बाईंनी ती दोनदा वाचली. त्यातल्या एकाही ठिकाणी त्या कधी गेल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्या वसाहतीत गेल्या. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. कोणाला तरी हे सांगायला हवं, एवढंच. काकांच्या घरातून मशीनचा आवाज येत नव्हता. काका पायरीवर होते, अंगाने निम्मे झालेले. न्हाणीमागचं सगळं वाळून गेलं होतं, मांडवाच्या काठ्या तेवढ्या उभ्या होत्या.

"सून माहेरी गेली," ते म्हणाले. "पोरीला घेऊन. माझ्या पोरीला विष चारता, म्हणाली. तुम्ही सांगितलेलं सगळं तिच्या डोक्यात बसलं होतं ना, सोमल मुळांतून चढतो ते. बरोबरच आहे तिचं. मुलगाही आता थेट तिकडेच जातो."

"आणि भाजी?"

"खाणार कोण? एकट्यासाठी कशाला दोरी बांधायची." त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले. "आता खरंच काही लावत नाही, बाई. लिहायचं असेल तर आता लिहा."

बाईंनी पुस्तक पिशवीतून बाहेर काढलंच नाही. थोडा वेळ बसल्या आणि निघाल्या. काकांच्या तब्येतीचं विचारायचं राहून गेलं, हे त्यांना बसमध्ये बसल्यावर आठवलं. परत काही त्या उतरल्या नाहीत. पुढे काका किती दिवस काढतील, आणि कशाने जातील, त्याचा कुठल्याच रकान्याशी संबंध लावता येणार नव्हता. ते कळण्याइतकं आता त्यांना कळत होतं.

त्यानंतर खात्याने त्यांना अकरापैकी दोन ठिकाणी बोलावलं. बाईंनी गुडघ्यांचं कारण सांगितलं. पुन्हा साबणाचं काम घेतलं. पहिल्या दिवशी एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या, बेल वाजवली. एका तरुण बाईने दार उघडलं आणि हसून म्हणाली, "या ना. पाणी आणू?" बाई म्हणाल्या, "नको, चुकून दुसऱ्याच घराची बेल वाजवली," आणि जिना उतरून आल्या.

दुसऱ्या दिवसापासून नवरा बस घेऊन गेला की त्या जेवणाच्या टेबलावर फॉर्म पसरायच्या आणि एकेक भरत जायच्या. घरात माणसं चार. वडी महिन्याला तीन. वासाला पसंती. बावीस वर्षांच्या अनुभवाने भरलेले फॉर्म ते, कुठे काही खटकत नव्हतं. दुपारी नवरा जेवायला आला तेव्हा त्याने टेबलाकडे बघितलं.

"आज गेली नाहीस?"

"जाऊन आले," बाई म्हणाल्या आणि फॉर्म गोळा करून त्याच्या ताटाला जागा केली.

साठच्या साठ फॉर्म कंपनीने घेतले. एकही परत आला नाही.